सारी-आयाकची पाणीपाळी

बिश्केक, २ फेब्रुवारी २००९

ती. बुरुल्चा एजे यांस,
पेरिझातचा सा. न. वि. वि.

कुबातच्या गाडीतून तुम्ही पाठवलेली पिशवी काल पोचली. जर्दाळू अर्धे त्यानेच खाल्ले असणार, कारण वरची गाठ तुमची नव्हती. तुमची गाठ सोडवायला कात्री लागते. जर्दाळूंच्या खाली मात्र तुमचे ते पिवळे कागद निघाले आणि त्यांना कुबातने बोटही लावलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजून मीही नाही लावलं. प्रोग्राम कसे लिहावेत यावर कुणा परदेशी माणसाने तीस-चाळीस वर्षांपूर्वी लिहिलं, तुम्ही ते आपल्या भाषेत आणून टाइप केलं, आणि आता ते मी वाचायचं? एजे, तेव्हा मशीन गोठ्याएवढं असायचं. त्याहून शहाणं मशीन आज माझ्या पिशवीत असतं.

फोनवर तुम्हाला हल्ली काही ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की सगळ्या ऑफिसला आपल्या घरच्या गोष्टी कळतात. म्हणून सविस्तर कागदावरच लिहिते.

आमच्या ऑफिसच्या साहेबांना, मेलिस बाइकेंना, मोठं काम मिळालं आहे. पूर्वेकडच्या कालव्यावर अकरा गावं आहेत. कुठल्या गावाचं दार कधी उघडायचं आणि किती तास उघडं ठेवायचं, हे ठरवून देणारा प्रोग्राम आम्ही करतोय. आजवर हे सगळं कागदावर चालायचं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं शेत आधी भिजायचं. १० एप्रिलला कालव्याला पाणी सुटतं. त्याच्या आत प्रोग्राम चालू व्हायलाच हवा, आणि आम्ही चौघं चांगली महिनाभर मागे आहोत.

मला काळजी आहे ती शेवटच्या गावाची. सारी-आयाक त्याचं नाव. वरच्या दहा गावांच्या वेळांमध्ये जरा जरा चुकलं तरी ते सगळं चुकलेलं खाली वाहत येतं आणि या एका गावाच्या माथी बसतं. तिथली माणसं ऑफिसात आली होती. एका बाईने माझा हात धरून सांगितलं की पोरी, दर वर्षी आमच्या वाट्याला चिखल येतो, पाणी येत नाही. तेव्हापासून ते गाव माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमचे गुडघे काय म्हणतात? कोंबड्या या थंडीत अंडी घालतात का? कागदांबद्दल रागवायचं तर खुशाल रागवा, पण लोभात काटछाट करू नका.

तुमची,
पेरिझात


तामची, ९ फेब्रुवारी २००९

चि. पेरिझात हिस,
बुरुल्चाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुबातला जर्दाळूंचं विचारलं. तो म्हणाला, घाटात बर्फामुळे तीन तास अडकलो होतो, माणसाने करायचं काय? मी म्हटलं, वाचायला कागद दिले होते की.

मशीन बदललं हे मला कळतं, पोरी. मी खेड्यात राहते, विहिरीत नाही. पण त्या कागदांत मशीनबद्दल फार थोडं आहे. चार माणसं मिळून एखादी डोळ्यांना न दिसणारी वस्तू बांधायला बसली की कुठे अडतात, एकमेकांना काय सांगायचं विसरतात, आणि किती दिवस लागतील असं विचारलं की तोंडाला येईल तो आकडा का सांगतात, हे त्यात आहे. तेव्हाचं मशीन गोठ्याएवढं असेल. माणूस तुझ्याएवढाच होता.

हे लेख आमच्या संगणक केंद्रात मॉस्कोहून फिरत फिरत यायचे आणि आठ दिवसांनी पुढच्या शहरात जायचे. तेवढ्यात आम्ही बायका जेवणाच्या सुट्टीत आळीपाळीने भाषांतर करायचो आणि पाच कार्बन घालून टाइप करायचो. शेवटची प्रत इतकी फिकट निघे की खिडकीशी धरून वाचावी लागे. तुला पाठवलीय ती पहिली प्रत आहे, तेव्हा तिच्यावर चहा सांडू नकोस. मी हे लेख बारा वेळा तरी वाचले असतील. दर खेपेला निराळं वाक्य टोचतं. चाळिशीत वाटायचं, हे आमच्या साहेबांबद्दल लिहिलंय. पन्नाशीत लक्षात आलं की माझ्याबद्दल आहे.

निळ्या दोऱ्याने शिवलेला आधी वाच. बाराच पानं आहेत. उशीर झालेल्या कामाबद्दल आहे, म्हणजे तुझ्या उपयोगाचाच.

तुझी आई म्हणाली होती की तुम्ही तिच्या एजे, थोरल्या बहिणीसारख्या, तेव्हा लग्नाचं विचारा. मी विचारलं, असं तिला कळव. कान झाकून बाहेर पडत जा. माया आहेच, ती तू पत्र लिहिलंस की जरा उतू जाते.

तुझी,
बुरुल्चा एजे


बिश्केक, १९ फेब्रुवारी २००९

ती. एजे यांस सा. न. वि. वि.

निळ्या दोऱ्याचा लेख वाचला. ट्रॉलीबसमध्ये सुरू केला आणि दोन थांबे पुढे गेले. तो लिहितो की उशीर झालेल्या कामावर नवी माणसं आणून बसवली तर काम आणखी मागे पडतं, कारण ज्यांना काम येतं त्यांना हात थांबवून नव्यांना शिकवावं लागतं, आणि माणसं वाढली की एकमेकांना सांगायच्या गोष्टी त्याहून जास्त वाढतात. मला हसू आलं. डिसेंबरात आमच्याकडे एक नवा मुलगा आला तेव्हा माझे तीन आठवडे असेच गेले होते.

पण आता ऐका. काल मेलिस बाइकेंनी जाहीर केलं की २८ तारखेला आणि १ मार्चला ऑफिसात अशार करायचा. त्यांच्या धाकट्या भावाच्या घराच्या भिंती चाळीस शेजारी-नातलगांनी बिनमजुरी अशार करून दोन दिवसांत उभ्या केल्या, मग प्रोग्राम का नाही व्हायचा? एकोणीस जण येणार आहेत. माझ्या कॉलेजातले काही, बाइकेंचे भाचे-पुतणे, दुसऱ्या ऑफिसांतले दोघं-तिघं, आणि एक दातांचा डॉक्टर, ज्याला संगणकातलं बरंच कळतं असं त्याची बायको म्हणते. मेंढराची वर्दी देऊन झाली.

लेख नुकताच वाचलेला असल्यामुळे हे उलटणार असं मला वाटलं. पण बाइकेंपुढे काय बोलणार? त्यांना बाइके, थोरला भाऊ, म्हणते ते उगीच नाही; बाबा गेले तेव्हा सगळ्यात आधी दारात उभे राहिले ते हेच. मला काम त्यांनी शिकवलं. आणि एजे, एकोणीस माणसं म्हटल्यावर मलाही आशा वाटायला लागली हो. लेख लिहिणाऱ्याने आपला अशार काही पाहिलेला नसणार.

एक विचारायचं राहिलं. सातव्या पानाच्या समासात तुमच्या हाताने जांभळ्या पेन्सिलीत चार तारखा आहेत. मार्च १९७८, मग १९८४, १९९२ आणि २००३. पहिल्या तारखेपुढे लिहिलंय, ‘वाचलं होतं. बोलले नाही.’ कुणाशी बोलला नाहीत?

उत्तराची वाट पाहते. लोभ आहे तसाच राहू द्या, माझ्या प्रश्नांनी आटू देऊ नका.

तुमची,
पेरिझात


तामची, २१ फेब्रुवारी २००९

चि. पेरिझात,
आशीर्वाद. कुबात बाहेर हॉर्न वाजवतोय म्हणून थोडक्यात लिहिते.

अशार थांबव. भिंत बांधताना शेजारचा वीट वाकडी ठेवतोय हे दिसतं, आणि दिसलं की माणूस तिथल्या तिथे ओरडतो. प्रोग्राममध्ये शेजारचा काय ठेवतोय ते कुणालाच दिसत नाही. मेलिसला आजच्या आज सांग.

समासाचं विचारलंस. जुनी गोष्ट आहे, आत्ता तिचं काम नाही. कोंबड्या अंडी घालतायत.

घाईतही माया तेवढीच आहे, हे वेगळं लिहायला नको.

बुरुल्चा एजे


बिश्केक, ३ मार्च २००९

ती. एजे यांस सा. न. वि. वि.

घाटात दरड कोसळल्यामुळे कुबात पाच दिवस पलीकडेच अडकला, आणि तुमचं पत्र माझ्या हातात पडलं ते शुक्रवारी दुपारी. तोवर मेंढरू कापून झालं होतं. त्यानंतर थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी सकाळी नऊला सगळे जमले. बाइकेंनी हात पसरून दुआ मागितली. ऑफिसात खुर्च्या पुरेनात, तर वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बायकांनी त्यांची बाकं आणून दिली. आणि मग मी समजावून सांगायला सुरुवात केली. पाण्याला पहिल्या दारापासून तिसऱ्या दारापर्यंत जायला सात तास लागतात. मधल्या दोन गावांची जमीन रेताड आहे, ती वाटेत पाणी पिते. कालव्याची दारं उघडणारे पाटकरी लोक दिवस मोजतात तो सूर्य उगवल्यापासून. दुपारपर्यंत सहा जणांना सांगून झालं, तेवढ्यात जेवण आलं. जेवणानंतर त्या सहांनी बाकीच्यांना आपापल्या परीने सांगितलं. आमच्यातले दुसरे तिघंही नुसतं सांगतच होते. दोन दिवसांत आम्हा चौघांपैकी एकानेही एक ओळ लिहिली नाही.

सगळ्यात बरा तो दातांचा डॉक्टर. त्याला कळलं नाही की तो विचारायचा. बाकीच्यांना विचारायची लाज वाटत होती, कारण मदतीला आलेल्या पाहुण्याने मला येत नाही म्हणायचं कसं? पण सगळे मनापासून राबले, एजे. रविवारी संध्याकाळी सगळं एकत्र जोडलं, फोटो काढले, उरलेलं मटण प्रत्येकाला बांधून दिलं. मला तर रडू येत होतं, इतकं छान वाटत होतं.

सोमवारी सकाळी प्रोग्राम चालवला. सारी-आयाकची पाळी एकतीस तासांची यायला हवी. ती आली चार तासांची. एक दुरुस्ती करून पुन्हा चालवला, तर आली उणे दोन. म्हणजे सारी-आयाकने दोन तास आपलंच पाणी कालव्याला परत द्यायचं. शोधायला बसलो तेव्हा कळलं की कुणी दिवस मध्यरात्रीपासून मोजलाय, कुणी सूर्योदयापासून, आणि कुणी ऑफिस उघडतं तेव्हापासून. एका ठिकाणी नीट केलं की तीन ठिकाणी मोडतं. ज्याने लिहिलं त्याला विचारावं, तर तो म्हणतो की मी शेजारच्याचं बघून लिहिलं.

आज मी बाइकेंना म्हटलं, हे सगळं बाजूला ठेवू आणि आम्ही आधी केलेलं होतं तिथून पुढे जाऊ. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना लागलं. ते म्हणाले, “पाहुण्याने रचलेली वीट जो काढतो, तो पुन्हा कुणाच्या दारात मदत मागायला जाणार?” आहे तेच दुरुस्त करा, असं सांगितलंय. अडतीस दिवस उरलेत आणि दुरुस्तीला एक वर्ष पुरायचं नाही. सारी-आयाकला यंदाही चिखलच मिळणार हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी गप्प बसले आणि बाहेर आले.

लेख लिहिणाऱ्याने आपला अशार पाहिला नव्हता, पण आपल्याला पाहिलं होतं बहुतेक.

आज लोभाची मला जास्त गरज आहे, तेव्हा हात आखडू नका.

तुमची,
पेरिझात


तामची, ८ मार्च २००९

चि. पेरिझात हिस अनेक आशीर्वाद.

आज बायकांचा सण. शेजारच्या सुनेने सकाळी फुलं आणून दिली, गोड पोळी दिली. ती गेल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं. ‘गप्प बसले आणि बाहेर आले’ इथे माझं घोडं अडलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मागच्या खेपेला मी टाळलं, ते आज देते.

१९७८ साली याच कालव्याचं वेळापत्रक पहिल्यांदा मशीनवर करायचं काम आमच्याकडे आलं होतं. आम्ही पाच जण होतो आणि तुमच्यासारखेच मागे पडलो होतो. विभागप्रमुखांनी दुसऱ्या विभागांतून चौदा माणसं आणून बसवली. त्याच्या तीन आठवडे आधी त्या निळ्या दोऱ्याच्या लेखाचं भाषांतर मी केलं होतं. मी स्वतः केलं होतं, पेरिझात. सातवं पान टाइप करतानाच आता आपल्याकडे काय होणार ते मला कळलं होतं. सभेत प्रमुखांनी विचारलंसुद्धा की कुणाला काही म्हणायचंय का. ते वडीलधारे, माझ्या हाताला वळण त्यांनीच लावलेलं. मी वहीत डोकं घालून बसले.

वेळापत्रक वेळेवर निघालं आणि चुकीचं निघालं. सारी-आयाकला पाणी नऊ दिवस उशिरा पोचलं. साखरबीटाची कोवळी रोपं उभी जळाली. मग चौकशी झाली. मशीन चुकत नाही असं कागदावर आलं, आणि मशीन चुकत नाही म्हटल्यावर चुकलेला माणूस शोधावा लागतो. तो सापडला तिथला पाटकरी, शार्शेन नावाचा. त्याने दार वेळेवर उघडलं नाही, असं ठरलं. तो आपली वही घेऊन आमच्याकडे आला. दार कधी उघडलं, पाणी कधी आलं, कधी तुटलं, सगळं तारीखवार लिहिलेलं. साहेब लोकांनी ती वही उघडली नाही. तो बाहेर बाकावर बसला होता तेव्हा मी उघडली. त्याच्या वहीत एकही चूक नव्हती. मी ती मिटली आणि त्याला परत नेऊन दिली. त्याने माझे आभार मानले. त्याचं काम गेलं. त्या गावात मी आजपर्यंत पाऊल टाकलेलं नाही.

बारा वेळा वाचलं म्हणून मी तुझ्यापुढे मिरवते, पण पहिल्या खेपेला वाचलेलं पाण्यात गेलं, कारण ते तोंडातून बाहेरच पडलं नाही. पुढे जेव्हा जेव्हा एखादं काम अडलं आणि वरून माणसं ओतायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी ते पान काढून वाचलं आणि मग बोलले. बाकीच्या तीन तारखा त्या आहेत. तिन्ही वेळा माझं ऐकलं गेलं. आधी वाटायची तेवढी भीती त्यात नव्हती.

आता तू काय करायचं ते सांगते. मेलिसशी चारचौघांत बोलू नकोस. त्याच्या घरी जा. गरम नान घेऊन जा. चहा होऊ दे, मुलांची चौकशी कर. मग सातवं पान वाचून दाखव. आणि माझी गोष्ट सांगायची असेल तर तीही सांग, माझी हरकत नाही. पाहुण्यांचं काय करायचं ते त्याला सुचेल. जुन्या वळणाचा माणूस आहे, त्याला आपल्या रीती आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात.

हे वाचून माझ्याबद्दलचं तुझं मत बदललं तरी पत्र लिहायचं बंद करू नकोस.

बुरुल्चा एजे


बिश्केक, १७ मार्च २००९

ती. एजे यांस सा. न. वि. वि.

मत बदललं नाही. तुम्ही आधी माझ्या शहाण्या एजे होतात, आता जवळच्या झालात. एवढंच लिहिते, नाहीतर शाई पसरेल.

बाइकेंकडे गेले. नान नेला. चहा झाला, मुलांची चौकशी झाली, बाइकेंच्या बायकोने माझ्या लग्नाची चौकशी केली. मग सातवं पान काढलं आणि वाचायला लागले, तर दोन ओळींतच अडखळले. बाइकेंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि बारा पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. चहा दोनदा गार झाला, दोनदा बदलला गेला. मग मी तुमची गोष्ट सांगितली. ती ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले की तू आधी का बोलली नाहीस. मी म्हटलं, मेंढरू कापून झालं होतं. त्यावर ते हसले, पण डोळे पुसत हसले.

आणि तुमचं खरं ठरलं, वाट त्यांनीच काढली. परवा रविवारी त्यांनी त्याच एकोणीस जणांना पुन्हा जेवायला बोलावलं. काम नाही, नुसतं जेवण. सगळे बसल्यावर बाइके उठले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले की तुम्ही भरल्या मनाने आलात, पण मी तुम्हाला चुकीच्या कामाला बोलावलं. हे काम भिंतीसारखं नाही हे मला कळायला हवं होतं. चूक बोलावणाऱ्याची आहे, येणाऱ्यांची नाही. तुम्ही केलेलं मी बाजूला ठेवतोय, तर राजी व्हा.

मग तो दातांचा डॉक्टर उभा राहिला. म्हणाला, दोन आठवडे मी नीट दात भरू शकलेलो नाही, सारखं वाटतं की माझ्या त्या चार ओळींपायी एखादं गाव सुकणार. सगळे हसले आणि मग एकेकाचं बाहेर आलं. एकोणीसच्या एकोणीस जण त्याच धास्तीत होते. राजी आहोत म्हणायला त्यांनी जी घाई केली, ती पाहून बाइकेंना जरा वाईटच वाटलं असावं.

आता आम्ही चौघंच आहोत आणि चोवीस दिवस. रंगीत नकाशे काढून टाकले, मोबाइलवरचे निरोप काढून टाकले. फक्त कुणाचं दार कधी आणि किती तास, एवढंच ठेवलं. पांढऱ्या दोऱ्याच्या लेखात आहे ना, जी गोष्ट उद्या बदलू शकते ती एकाच जागी कोंडून ठेवावी, बाकीच्यांना तिचा पत्ता लागू देऊ नये? तसं आता दिवस कुठून मोजायचा हे प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी लिहिलंय. त्या एका सुधारणेने अर्धी डोकेदुखी गेली. दर गुरुवारी दुपारी आम्ही एकेक लेख मोठ्याने वाचतो. बाइके चष्मा लावून मागे बसतात आणि आम्ही भरभर वाचलं की रागावतात.

प्रार्थना करा. लोभ तर तुम्ही करताच.

तुमची,
पेरिझात


सारी-आयाक, १५ एप्रिल २००९

ती. एजे यांस सा. न. वि. वि.

वरचं गावाचं नाव वाचलंत ना? मी कालपासून इथेच आहे. प्रोग्राम ७ तारखेला पुरा झाला. पाणी १० तारखेला सुटलं. कागदावर होतं की सारी-आयाकच्या दाराशी ते मंगळवारी सकाळी अकराला पोचेल. मी नऊपासून चारीच्या काठावर उभी होते. अकरा वाजले, पाणी नाही. सव्वाअकरा वाजले. अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिल्यांदा ओल्या मातीचा वास आला, मग काडीकचरा पुढे ढकलत पाणी आलं. फेब्रुवारीत माझा हात धरणारी ती बाई तिथेच होती. ती फावडं घेऊन आपल्या वाफ्याकडे पळाली. आज संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत पाळी चालेल, पुरे एकतीस तास.

आता दुसरं. दाराजवळ एक म्हातारे सकाळपासून ओंडक्यावर बसले होते. पाणी आल्यावर त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि कुणाला न सांगता वेळ वहीत लिहिली. मी नाव विचारलं. शार्शेन. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पाटकरी दुसराच कुणी आहे, पण हे दर पाळीला येऊन बसतात. गावात त्यांना पाणी घालवलेला शार्शेन म्हणतात, अगदी तोंडावर, आणि रागानेही नाही, नुसती सवय. त्यांची अकरा वर्षांची नात आहे, शाळेत तिलाही त्याच नावाने चिडवतात. तिनेच मला ते सांगितलं, चहा आणून देताना.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मी बोलले नाही, कारण ते सांगणं माझं नव्हे. कुबात म्हणतो, तामचीहून इथे यायला पाच तास लागतात आणि पुढची सीट तुमच्यासाठी तो रिकामी ठेवेल.

काही ठरवलंत तरी, न ठरवलंत तरी, मी तुमचीच आहे.

पेरिझात


तामची, २८ एप्रिल २००९

चि. पेरिझात हिस बुरुल्चाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी जाऊन आले. कुबात वाटेत दोनदा थांबला, कारण दोनदा मी त्याला गाडी मागे फिरव म्हटलं. दोन्ही वेळा त्याने खाली उतरून टायरला लाथा मारल्या, चाकात काहीतरी बिघडल्यासारखं केलं, आणि मग पुन्हा पुढेच निघाला.

शार्शेन अंगणात होते. त्यांनी मला ओळखलं नाही. आत बसवलं, सुनेने चहा दिला. मी पेला खाली ठेवला आणि सांगितलं. लेखाचं सांगितलं, सभेचं सांगितलं, त्यांच्या वहीत एकही चूक नव्हती हे सांगितलं, आणि ते मला त्या दिवशीच ठाऊक होतं हेही सांगितलं. माफी मागायची ठरवली होती, ती मात्र मागता आली नाही. मला वाटलं, आता हाकलून देतील, आणि दिलं तर बरंच होईल.

ते म्हणाले, “थांबा. हे पुन्हा सांगायचंय तुम्हाला.”

त्यांनी सुनेला शेजारी पिटाळलं. आत्ताच्या पाटकऱ्याला बोलावलं, शाळेच्या मास्तरांना बोलावलं, नातीला खेळातून ओढून आणलं. स्वतः आत जाऊन नवा कोट आणि पांढरी टोपी घालून आले. तासाभरात अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. मग मला मधोमध खुर्ची दिली आणि ते माझ्यासमोर ताठ बसले. मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, काही गाळलं नाही. शार्शेनांनी नातीकडे वळून विचारलं, “ऐकलंस?” तिने मान हलवली. “मग सोमवारी शाळेत सांग,” ते म्हणाले.

निघताना ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले. सध्या इतकंच. लोभ तुझाही आहे हे आता मला सांगावं लागत नाही.

तुझी,
बुरुल्चा एजे